आधी मातीची तहान

परभणीच्या आमच्या घराला फाटकापासून पायरीपर्यंत काँक्रीटची वाट आहे. ती आम्ही दोनदा घातली. पहिल्यांदा ऐन वैशाखात, वरवर सपाट केलेल्या काळ्या मातीवर. पावसाळा संपेपर्यंत तिच्या दोन्ही कडा उचलल्या आणि मधोमध लांबलचक तडा गेला. खोट सिमेंटमध्ये नव्हती. कडांखालची माती पाणी पिऊन फुगली होती, मधली कोरडीच राहिली होती.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आक्रसते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा जमिनीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची पद्धत अभ्यासातून मांडली.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी २ फूट माती उपसली. तळाच्या भेगांत काठी हातभर आत जात होती. रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, पण साचू द्यायचं नाही. चौथ्या दिवशी भेगा मिटल्या. मग थोडी चिकण असलेला मुरूम, ६-६ इंचांच्या थरांनी.

प्रत्येक थराला मिस्त्री मूठभर मुरूम घेऊन आवळत आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. भुगा झाला, की अजून पाणी. तळहाताला पाणी सुटलं, की थांबायचं. दोन-तीन तुकडे झाले, की धुम्मस सुरू. आधी बदबद वाजणारा थर हळूहळू ठणठणीत बोलू लागे.

राल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने १९३३ मध्ये हेच मोजून मांडलं. पाणी कमी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, जास्त झालं तर पाणीच जागा अडवतं. मधल्या नेमक्या ओलाव्याला भराव सर्वांत घट्ट बसतो. मिस्त्रींची मूठ तोच ओलावा शोधत होती.

काँक्रीटच्या दिवशीही त्यांनी आधी झारी उचलली. "ताई, कोरडा भराव खालून सिमेंटचं पाणी ओढतो."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. वाट जागची हलली नाही. अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी लिहिलेली असते, माती भिजवायचे दिवस कुणी लिहीत नाही. काम देताना ते दिवस आपण मागून, लिहून घ्यावेत.