खाडीचे वेळापत्रक : तुडील परिसराच्या प्रवासाविषयी थोडे

आमच्या परिचयातील एक व्यापारी कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत केनियाला जाऊन आले. नैवाशा सरोवरात त्यांनी नावेतून पाणघोडे पाहिले, नाकुरूच्या काठी रोहित पक्षी पाहिले. जाण्यापूर्वी सहा महिने चौकशी चालली होती. पीतज्वराची लस कोठे मिळते, कोणत्या महिन्यात रस्ते चांगले असतात, शाकाहारी भोजनाची सोय कशी, नावाड्याला किती पैसे द्यावेत, हे सारे त्यांनी वहीत टिपून घेतले होते. हेच कुटुंब पुढे एका रविवारी सावित्रीची खाडी पाहण्यास निघाले, ते सकाळी दहा वाजता, कसलीही चौकशी न करता. रात्री परतल्यावर त्यांच्या हाती महामार्गावरील उपाहारगृहाच्या बिलाखेरीज काही नव्हते. ‘तिकडे पाहण्यासारखे काही नाही हो,’ असा निकालही त्यांनी देऊन टाकला.

मला ते लागले. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे महाड शाखेत गेली. कर्जदारांच्या भेटीनिमित्त रावढळ, तुडील, चिंभावे असा खाडीपट्टा मी अनेकदा पालथा घातला आहे. येथील कित्येक घरांतील कर्ती माणसे आखातात, काहींची आफ्रिकेतही असत. त्यांच्या पैशाची वाट पाहणारी वृद्ध मंडळी शाखेत येऊन बसत आणि खाडीच्या गोष्टी सांगत. त्या परिसराला असा निकाल मिळू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाड करीत पश्चिमेला वळते आणि बाणकोट-हरिहरेश्वराच्या मध्ये समुद्रास मिळते. महाडच्या खाली तिची खाडी होते. बाणकोटचा किल्ला अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. आफ्रिकेतील ज्या सरोवराला 1858 मध्ये व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले, त्याच्याशी या नावाचा संबंध नाही. राणीचा जन्मच मुळी 1819 चा!

आता मुख्य मुद्दा. या भागात आपल्या घड्याळावर प्रवास होत नाही. येथील वेळापत्रक भरती-ओहोटीचे असते, आणि त्याचा हिशेब तिथीने होतो. आपल्या घरांत पंचांग असतेच. अष्टमी, चतुर्दशी तर लहान मुलांनाही ठाऊक असतात. कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. रोज ही वेळ पन्नासेक मिनिटे, म्हणजे जवळजवळ एका सामायिकाइतकी, पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच उतरते. अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीस भांग म्हणतात. ठोकताळ्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि समुद्राचे पाणी खाडीतून वर चढण्यास आणखी वेळ लागतो. म्हणून अखेरचा शब्द होडीवाल्याचाच मानावा.

तो न मानल्याचे फळ मी भोगले आहे. निवृत्तीनंतर सौभाग्यवती आणि नातू यांना घेऊन पौष पौर्णिमेला तुडीलकडे गेलो होतो. होडीवाल्याने अकराची वेळ दिली होती. मी मात्र जेवण, थोडी विश्रांती आणि जुन्या खातेदारांच्या भेटी यांत दुपारचे दोन वाजवले. ‘साहेब, पाणी उतरतंय, आता नको,’ असे तो म्हणाला. ‘तासाभरात परत येऊ,’ असे मी म्हणालो. आयुष्यभर चक्रवाढ व्याजाचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने पौर्णिमेची पाऊणपट केली नव्हती. चारच्या सुमारास होडी गाळात बसली. दोन्ही बाजूंना चिखल आणि पलीकडे खारफुटी. उतरून ढकलू या, असे मी सुचवताच त्याने माझा दंड धरला. या पाण्यात मगरी आहेत, आणि गाळात रुतलेला पाय लवकर सुटत नाही. पाणी पुन्हा चढेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. सूर्यास्त झाला, सौभाग्यवतींचा चौविहार असल्याने त्यांना रात्री पाणीही घेता आले नाही. नातू भुकेने रडून रडून झोपला. काठाला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्या माणसाने एका शब्दानेही दोष दिला नाही. उशिराचे पैसेही घेईना. ते बळेच द्यावे लागले.

म्हणून सांगतो, सकाळच्या फेरीसाठी दशमी ते द्वादशी या तिथी निवडाव्यात. साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती येते. चढत्या पाण्याबरोबर निघावे आणि पाणी उतरू लागताच परतावे. दुपारची फेरी हवी असेल तर चतुर्थी-पंचमी सोयीची. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवताही येते. हिवाळ्यात मगरी उन्हासाठी काठावर येऊन पडतात, आणि दासगावच्या बाजूला खारफुटीवर बगळ्यांचे थवे दिसतात. होडी जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. पाण्यात हात घालू नये, निर्माल्य वा खाद्यपदार्थ टाकू नयेत.

पोहोचण्याचे म्हणाल तर रेल्वे उत्तम. महाडसाठीचे स्थानक वीर. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला. वीरच्या पुढचे सापे-वामणे हे लहान स्थानकही याच तालुक्यात आहे. जलद गाड्या बहुधा येथे थांबत नाहीत, तेव्हा दिव्याहून सुटणाऱ्या सवारी गाडीची वेळ आधी पाहावी. महाड आगारातून खाडीपट्ट्यात एस.टी. जाते. सायंकाळी जाऊन गावातच मुक्काम करणारी आणि पहाटे परतणारी वस्तीची गाडी कोणती, हे आगारात विचारून ठेवावे. पाहुण्यांना तीच सर्वांत उपयोगी. मधल्या अंतरासाठी मिनीडोअर मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. हिशेबी वाचकांसाठी : एस.टी.त महिलांना आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास विनामूल्य. जवळ सुटे पैसे असावेत. मोबाइलची रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणेही थांबते.

स्वतःच्या वाहनाने येणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरावे. भोरहून वरंध घाट जवळचा वाटतो, परंतु तो वारंवार बंद असतो. सातारा-सांगलीकडील वाचकांना महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला येता येते. तो उजेडातच उतरावा. श्रीवर्धनच्या बाजूने येणाऱ्यांसाठी आंबेतचा पूल आहे. गेल्या काही वर्षांत तो दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला होता, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. बागमांडला ते वेसवी ही वाहने नेणारी फेरीबोटही त्या बाजूस आहे.

पावसाळ्यात मात्र येऊ नये. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह गेल्या. नवा पूल पुढच्याच वर्षी जूनमध्ये खुला झाला. 2005 च्या पावसात याच खाडीपट्ट्यातील जुई गावावर दरड कोसळली होती, 2021 मध्ये तळीये गावावर. चातुर्मासात आपल्याकडे एरवीही दूरचे प्रवास टाळतात. येथे ते निमूटपणे पाळावे.

भोजनाविषयी स्पष्टच लिहितो. खाडीकाठच्या घरांत मासे शिजतात, ते त्यांचे अन्न आहे. तेथे नाक मुरडणारा पाहुणा कोणालाच नको असतो. मुक्काम महाड शहरात करावा. गावातील एखाद्या शाकाहारी घरी सोय झाली, तर कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचे आणि जेवण सहाच्या आत लागते हे दोन दिवस आधी कळवावे. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक एवढे मिळाले तरी जेवण उत्तम होते. दशम्या, खाकरे आणि उकळलेले पाणी होडीतही जवळ असावे. मी हे अनुभवाने सांगतो.

दोन रात्री हाताशी असतील तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये म्हाप्रळ-मंडणगडमार्गे वेळासला जावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तेथे समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण केले. सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात. दुसरी वाट गिधाडांची. म्हसळा तालुक्यातील चिरगाव आणि महाड तालुक्यातील नाणेमाची येथे महाडच्या सिस्केप संस्थेच्या प्रयत्नांनी गिधाडे टिकली आहेत.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते आपल्याशी निगडित आहे. गिधाडे नष्ट झाली ती मुख्यतः डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये त्याही बंद झाल्या. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. आपल्यापैकी अनेक घरे पांजरपोळांना देणग्या देतात. तेथील म्हाताऱ्या गुरांना कोणते इंजेक्शन दिले जाते, हे देणगीची पावती घेताना एकदा विचारावे. मी विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी कपाट उघडून बाटल्या दाखवल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांवरील नावे वाचली.

नातू आता सातवीत आहे. पुढच्या खेपेसाठी त्याने पंचांग पाहून फाल्गुन शुद्ध दशमी काढली. दहाची पाऊणपट साडेसात, हे त्याने मलाच समजावून सांगितले. होडीवाल्याला दूरध्वनी केला. तिथी त्याला मान्य आहे. मात्र साडेसहाला धक्क्यावर हजर राहा, असे त्याने मला दोनदा बजावले आहे.