विद्यार्थ्यांना आवडणारा शिक्षक

मे महिन्याच्या सुटीत माझे जुने विद्यार्थी भेटावयास येतात. येथून, बेळगावातून, कोणी धारवाडला, कोणी कोल्हापूरला महाविद्यालयात गेलेले असतात. प्राध्यापकांविषयी विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : ‘सर, त्यांनी शिकविलेले समजते.’ विद्वत्तेचा उल्लेख मागाहून येतो. कित्येकदा येतच नाही. त्याखालोखाल, शंका विचारली तर ते हसत नाहीत, नावाने ओळखतात, अशी वाखाणणी असते.

श्रोतेहो, हे अभिप्राय आता केवळ गप्पांपुरते राहिलेले नाहीत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९२७ सालीच विद्यार्थ्यांकडून अध्यापकांची पारख करविण्याची मोजपट्टी तयार झाली होती. आपल्याकडे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यमापनातही विद्यार्थ्यांच्या मताला स्थान मिळाले. हे रास्तच झाले. वर्षभर बाकावर बसणाऱ्याला काही विचारूच नये, हे कोणते शहाणपण?

परंतु आवडणे आणि शिकणे या दोन गोष्टी नेहमी जोडीने चालतात असे नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ हे नाव देऊन व्याख्यानास उभे केले होते. विषयाचे ज्ञान नाही, विधाने परस्परविरोधी. पण वाणी मोहक आणि विनोद पेरलेले. श्रोते स्वतः शिकलेसवरलेले, तरी बहुतेकांनी अनुकूल शेरे दिले! वर्गात हशा पिकवून खूश होणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

याहून विचार करावयास लावणारा प्रयोग हार्वर्ड विद्यापीठातला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. पदार्थविज्ञानाच्या एका वर्गाने ओघवते व्याख्यान ऐकले. दुसऱ्या वर्गाला तीच उदाहरणे लहान गट करून आधी स्वतः सोडवावी लागली. दुसऱ्या पद्धतीने शिकलेल्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. मात्र आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटले. डोके शिणले, अडखळलो, म्हणजे शिकणे झालेच नाही, असा तो समज. सत्राच्या प्रारंभीच शिक्षकाने याची कल्पना दिली, तर विद्यार्थ्यांचे मत अनुकूल होते, असेही पुढे आढळले.

गेल्या सुटीत आलेल्या एका मुलीची तक्रार मला आठवते. ‘आमचे सर निम्मे गणित फळ्यावर सोडून खाली बसतात.’

मी विचारले, ‘मग उरलेले निम्मे?’

‘ते आम्हालाच करावे लागते,’ ती त्रासून म्हणाली. आणि माझ्यापुढची वही ओढून घेऊन तिने ते शेवटपर्यंत सोडवून दाखविले.