फवारलेलं औषध मातीत जातं कुठे?

आमच्या उसात काका अ‍ॅट्राझिन हे तणनाशक फवारतात आणि प्यायच्या पाण्याची विहीर त्याच बांधावर आहे. मग ते औषध शेवटी जातं कुठे?

फोन घेताना आपण स्पेक्स बघतो ना, तसा औषधाचाही एक स्पेक असतो: केओसी. औषध मातीतल्या सेंद्रिय कर्बाला किती चिकटतं आणि पाण्यात किती उरतं, याचं हे गुणोत्तर. अ‍ॅट्राझिनचा केओसी साधारण १००, तर क्लोरपायरिफॉसचा काही हजार. म्हणजे क्लोरपायरिफॉस मातीला धरून बसतं, अ‍ॅट्राझिन मात्र पाण्यासोबत खाली झिरपतं. भूजलात ते सापडत राहिल्यानेच युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याला मान्यता नाकारली.

पण चिकटलं म्हणजे सुटलो, असं नाही. जोराच्या पावसात माती वाहते, तिच्यासोबत औषधही ओढ्यात जातं. काळ्या मातीला भेगा असतील तर पाणी सरळ खाली उतरतं, औषधाला चिकटायला वेळच मिळत नाही.

म्हणून आता फवारणीआधी मी काकांना फोनवर पावसाचा अंदाज दाखवतो. विहिरीजवळचा पट्टा आम्ही खुरपून घेतो. शेणखतही घालतो, कारण कर्ब वाढला की मातीची पकड वाढते.