पंख छाटलेल्या बजीचा पिंजरा

दुपारची वेळ असते. दिवाणखान्यांत कोणी नसतें. स्वयंपाकघरांत एखादें पातेलें हातांतून निसटून खणखणतें, आणि त्याच क्षणीं पिंजऱ्यांतून ‘टप्’ असा बारीकसा आवाज येतो. कोणी जाऊन पाहिलें तर हिरवें पांखरूं तळाशीं बसलेलें दिसतें. मग तें चोंचीनें तार धरून हळूहळू वर चढूं लागतें. मुलांना त्याची मौज वाटते. परंतु दिवसांतून चार-सहा वेळां असें घडूं लागलें, म्हणजे त्या मौजेच्या मुळाशीं काय आहे हें पाहणें अवश्य होऊन बसतें. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या या जीवाच्या छातीवरची कातडी फाटावयास आणि तिच्याखालचें हाड दुखावयास असें वारंवारचें पडणें पुरेसें होतें.

बाजारांत ‘लव्हबर्ड’ म्हणून विकलें जाणारें हें पांखरूं वस्तुतः लव्हबर्ड नव्हेच. ते पक्षी आफ्रिकेंतले व निराळ्या जातीचे. याचें नांव बजरिगार, आणि लाडकें नांव बजी. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील कोरडा, गवताळ मुलूख हें त्याचें घर. १८०५ सालीं जॉर्ज शॉ यानें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १८४० सालीं जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें जिवंत बजी इंग्लंडांत आणले. तेथून पुढें तो जगभर घरोघर पोंचला. आपल्याकडे देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. तेव्हां पोपटाची हौस असलेल्या कुटुंबांत पिंजरा बहुधा बजीसाठींच आणला जातो.

स्वदेशीं हे पक्षी थव्याथव्यांनीं पावसामागून भटकतात. थव्यावर ससाण्याची सावली पडली, कीं विचार करण्यास अवकाश नसतो. सारा थवा एकदम हवेंत उठतो. भीतीला बजीजवळ हें एवढेंच उत्तर आहे. कातरीनें पंखांचीं पिसें कमी करतां येतात. हें उत्तर मात्र त्याच्या अंगांतून काढून टाकतां येत नाहीं. दार आपटलें, कावळा खिडकीशीं आला, पातेलें पडलें, कीं पंख छाटलेला बजीही पूर्वीइतक्याच वेगानें दांडीवरून झेंप घेतो. फरक इतकाच, कीं झेंपेनंतर त्याला हवा तोलून धरीत नाहीं. पिंजऱ्याची सारी रचना या एका गोष्टीवरून ठरवावयाची असते. बाजारांतला पिंजरा उडणाऱ्या पक्ष्याच्या कल्पनेनें केलेला असतो. त्यांत राहावयाचें असतें तें चढणाऱ्या आणि पडणाऱ्या पांखराला.

पंख छाटणें म्हणजे काय, हेंही येथें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे दहा लांब पिसें असतात. उड्डाणास पुढें नेणारा जोर मुख्यतः त्यांचा. यांतलीं कांहीं पिसें दोन्ही बाजूंस सारख्या प्रमाणांत कापलीं, तर पक्षी निदान तिरपा तरंगत खालीं येतो. एकाच बाजूचा पंख कापण्याची एक जुनी आणि अत्यंत वाईट रीत आहे. तिच्यामुळें पक्ष्याचा तोल जातो व तो गिरकी खात, कोणत्याही अंगावर, आदळतो. असा पक्षी घरीं आला असेल तर पुढें सांगितलेली प्रत्येक खबरदारी दुप्पट काटेकोरपणें घ्यावी. पूर्ण वाढलेलें पीस कापतांना दुखत नाहीं, तें आपल्या नखासारखें निर्जीव असतें. परंतु नव्यानें येणाऱ्या पिसाच्या नळींत रक्त खेळत असतें. शेजारचीं पिसें शाबूत असलीं तर त्यांच्या आडोशानें तें कोवळें पीस सुरक्षित वाढतें. तीं कापलेलीं असलीं म्हणजे तें एकटेंच पुढें येतें आणि पडतांना गजावर आपटून मोडतें. इतक्या लहान देहांत रक्त तें किती असणार! अशा वेळीं स्वच्छ कापसानें, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावून, ती जागा हलक्या हातानें दाबून धरावी आणि पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावें.

पिंजऱ्याच्या रचनेचा आरंभ तळापासून करावा. बहुतेक पिंजऱ्यांत विष्ठा खालीं पडावी म्हणून तळाच्या थोडी वर तारेची जाळी बसविलेली असते. स्वच्छतेच्या दृष्टीनें ती सोयीची खरी, पण पडणाऱ्या पांखराच्या दृष्टीनें याहून वाईट जमीन शोधूनही सांपडावयाची नाहीं. पाय जाळीच्या घरांत अडकतो, अंग पुढें जातें, आणि काडीएवढें तें हाड मोडतें. तेव्हां ती जाळी पहिल्या दिवशींच काढून टाकावी. तळाच्या ताटांत जुन्या सुती चादरीची चार-पांच पदरी घडी करून ठेवावी, आणि तिच्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद अंथरावे. कागद रोज बदलावा, घडी आठवड्यानें धुवावी. टॉवेल मात्र वापरूं नये. त्याच्या फासांत नखें गुंततात. चादरीचेही कांठ शिवून घ्यावे, कारण सुटलेला एक दोरा बोटाभोंवतीं आवळला गेला तर रक्त बंद होऊन बोट जातें, आणि तें ध्यानांत येतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. वाळू दिसावयास छान, पण ती मऊ नसते. लांकडाचा भुसा मऊ खरा, पण त्याची धूळ पक्ष्याच्या नाजूक श्वासास बाधते. घडी पुरेशी झाली कीं नाहीं हें पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे आपलें कोपर तिच्यावर बऱ्यापैकीं जोरानें टेकून पाहावें. खालचें ताट हाडाला लागलें, तर आणखी दोन पदर घालावे.

तळानंतर दांड्या. येथें दोन टोकांच्या चुका होतात. कांहीं जण दुकानांतून आला तसाच पिंजरा टांगतात, त्यांत एक दांडी अगदीं वर आणि दुसरी मध्यावर. मधली उडी पंख असलेल्यालाच साधावी. दुसरे कांहीं जण, पडण्याच्या धास्तीनें, साऱ्या दांड्या तळापासून दोन इंचांवर आणून ठेवतात. हा उपाय समंजस वाटतो, पण पक्ष्याला तो पटत नाहीं. उंच जागीं बसल्याशिवाय बजीला निर्धास्त वाटत नाहीं. खालीं ठेवल्यास तो रात्रभर छताजवळच्या तारेला लोंबकळत राहतो आणि झोंपेंत तेथूनच पडतो. म्हणून उंची नाकारूं नये, तिच्यापर्यंत जिना बांधून द्यावा. सर्वांत खालची दांडी तळापासून सुमारें तीन इंचांवर, पुढची तिच्याहून दोन-अडीच इंच वर व तेवढीच बाजूला, अशा रीतीनें पायरीपायरीनें वर जावें. प्रत्येक दांडीवरून पुढची दांडी पांखराला चोंच पुढें करून धरतां आली पाहिजे. शेवटची, झोंपण्याची दांडी कोपऱ्यांत तिरपी बसवावी, म्हणजे दोन्ही अंगांस गज हाताशीं, म्हणजे अर्थात् पायाशीं, राहतात. तोल गेला तर तो त्यांना धरतो. या दांडीच्या खालीं वाटी, घंटा, खेळणें, कांहींही कठीण असूं नये. तिच्यापासून तळापर्यंतचा रस्ता मोकळा असावा.

दांड्या कशाच्या असाव्या, यालाही महत्त्व आहे. बजीच्या पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें वळलेलीं असतात. उडणें बंद झालें म्हणजे दिवसभराचा सारा भार या चार बोटांवर येतो. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यांवर पकड बसत नाहीं, शिवाय सगळीकडे जाडी सारखीच असल्यानें तळपायाच्या त्याच त्या जागीं घट्टे पडून पुढें त्या चिघळतात. पेरूच्या फांद्या उत्तम. त्या कोठें बोटाएवढ्या, कोठें थोड्या जाड असाव्या. साल ठेवावी, फक्त धुऊन उन्हांत वाळवून घ्याव्या. औषध मारलेल्या बागेंतील फांदी आणूं नये, आणि कण्हेरीची तर चुकूनही आणूं नये. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. वाळूचा कागद गुंडाळलेल्या दांड्या ‘नखें झिजतात’ म्हणून विकल्या जातात; त्यांनीं नखांपेक्षां तळवेच अधिक झिजतात. फांदी दोन्ही टोकांस पक्की बसलेली असावी. गरगर फिरणारी दांडी चढणाऱ्याला फसविते.

खुद्द पिंजरा लांबट चौकोनी घ्यावा. दोन पांखरांसाठीं अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच एवढा पुरे. घुमटाचा गोल पिंजरा चित्रांत शोभतो, परंतु त्याचे गज वर जाऊन एकमेकांस मिळतात, आणि त्या निमुळत्या फटींत बोट किंवा मान अडकते. गजांमधलें अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावें. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावे, कारण चढणाऱ्याच्या त्या पायऱ्या होत. उभ्या गजांवरून तो घसरत खालीं येतो. तार स्टेनलेस स्टीलची असल्यास सर्वांत चांगलें. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त पडते, पण हा पक्षी चोंचीनेंच चढतो हें विसरतां कामा नये; उडणाऱ्यापेक्षां त्याच्या तोंडांत तार अधिक वेळ असते, आणि पोटांत गेलेलें जस्त विषासारखें बाधतें. तीच जाळी वापरणें भाग असेल तर व्हिनेगर लावून कुंच्यानें खसखसून घासावी, पाण्यानें धुवावी, आणि सुटणारे कण व थेंब निघून गेल्याची खात्री करून घ्यावी. यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. वर सरकणाऱ्या लहान दारांना कपड्यांचे चिमटे लावून ठेवावे. बजी तें दार चोंचीनें उचलतो, मान बाहेर काढतो, आणि दार मानेवर येतें.

पाण्याची वाटी पेरभर खोल असावी, अधिक नको. आणि ती खालच्या दांडीलगत, पण कोणत्याही दांडीच्या बरोबर खालीं येणार नाहीं अशी लावावी. दाण्यांची वाटीही तशीच. कांगणी म्हणून मिळणारें राळे हें बजीचें आवडतें धान्य, परंतु उड्डाण थांबलेल्या पक्ष्यास नुसत्या दाण्यांनीं फार लवकर चरबी चढते; आणि जड झालेलें पांखरूं अधिक जोरानें आदळतें. कोथिंबीर, पालक, किसलेलें गाजर हीं रोज थोडीं द्यावीं व दाणे मोजून घालावे. समुद्रफेनाचा तुकडा गजाला बांधावा, म्हणजे चोंचीला काम आणि अंगाला चुना मिळतो. झोपाळा हवाच असेल तर तो तळापासून चार इंचांवर टांगावा.

पिंजरा कोठें ठेवावा, याचा विचार मात्र सवडीनें करण्याजोगा आहे. गॅलरींत आढ्याला टांगण्याची आपली जुनी चाल या पांखराला सोसत नाहीं. टांगलेला पिंजरा हेलकावतो. दाणे घालतांना दारांतून निसटलेला बजी पांच-सहा फुटांवरून लादीवर येतो. आणि गॅलरींत कावळा, मांजर व रात्रीं उंदीर यांची वर्दळ असते. भक्कम, बुटक्या टेबलावर, एक बाजू भिंतीला टेकवून, खालीं सतरंजी अंथरून पिंजरा ठेवावा. मागें भिंत असली म्हणजे पांखराला तीनच दिशांची राखण करावी लागते. स्वयंपाकघर वर्ज्य समजावें. नॉन-स्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यांतून निघणारी वाफ माणसाला जाणवण्यापूर्वींच पिंजऱ्यांतील पक्षी मरून पडतात. उदबत्ती, धूप, डांसांची कॉइल यांचा धूरही त्या खोलींत नसावा.

रात्रीं तीन बाजूंनीं पातळ कापड घालावें, एक बाजू उघडी ठेवावी, आणि खोलींत अगदीं मंद दिवा असूं द्यावा. काळोखांत कशानेंही दचकलेला बजी दिसेल त्या, किंवा न दिसेल त्या, दिशेनें झेंपावतो. मंद उजेडांत त्याला निदान आपली दांडी पुन्हां सांपडते.

एवढें सर्व केल्यावर एक गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. छाटलेलीं पिसें कायमचीं गेलेलीं नसतात. पिसें झडण्याचा काळ आला कीं जुनीं खुंटें गळून पडतात आणि कांहीं महिन्यांत त्या जागीं पुरीं पिसें येतात. एकेक करून, गाजावाजा न करतां. ‘आमच्याला उडतां येत नाहीं’ अशा भरंवशावर खिडक्या सताड आणि डोक्यावर पंखा फिरत असलेल्या घरांत एखाद्या सकाळीं तो सरळ वर उठतो. छाटणी हा घराच्या सुरक्षिततेचा उपाय नव्हे, हें त्या सकाळीं कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें. पिंजऱ्याचें दार उघडण्यापूर्वीं पंखा बंद, खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, हा नेम पंख छाटलेले असतांनाच अंगवळणीं पाडावा.

पुन्हां छाटावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या वेळीं उभा राहतो. ज्या घरांत हा नेम पाळला जातो तेथें त्याची गरज क्वचितच पडते. पिसें परत येत असल्याचें ओळखतां येतें: दांडी पायांनीं घट्ट धरून पांखरूं सकाळीं जोरजोरानें पंख हलवूं लागतें, आणि पिंजऱ्यांत वारा घातल्यासारखा वर्तमानपत्राचा कोपरा फडफडतो. मग दर आठवड्याला एखादी पायरी काढून घ्यावी व राहिलेल्या दांड्यांमधलें अंतर वाढवीत जावें. तळाची घडी मात्र इतक्यांत उचलूं नये. अनेक महिने न वापरलेल्या स्नायूंना जोर येण्यास वेळ लागतो, आणि पहिल्या कांहीं झेंपा तेथेंच येऊन संपतात.