मुंबईत भाड्याने देण्यासाठी सदनिका : हिशेब आणि कायदा

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती येणारी भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम कोठे गुंतवावी, हा प्रश्न शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एकदा तरी उभा राहतोच. शेतजमीन, सोने व मुदत ठेव या परिचित मार्गांच्या जोडीला मुंबईत एखादी सदनिका घ्यावी, ती दीर्घकाळ स्वतःकडे राखावी आणि तिच्या भाड्यावर उत्पन्नाचा आधार उभा करावा, असा विचार अनेक कुटुंबे करतात. विचार योग्य असला तरी त्यात जन्मभराची बचत एकाच ठिकाणी गुंतत असते. म्हणून प्रथम हिशेब आणि कायदा या दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

भाड्यासाठी घरे बांधणे हा मुंबईतील जुना व्यवसाय होय. गिरण्यांच्या वाढीबरोबर गिरगाव, परळ, लालबाग या भागांत खाजगी मालकांनी चाळी उभारल्या त्या भाड्याच्या उत्पन्नासाठीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई तीव्र झाली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाड्याचा आधार ठरविले. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. परंतु भाडे गोठले, दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला आणि इमारती जीर्ण होऊ लागल्या. अखेर अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापन करावे लागले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अनुज्ञप्तीवर राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. घर एकदा दिले की परत मिळत नाही, ही मालकांच्या मनातील भीती या काळातील आहे. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ही परिस्थिती पुष्कळ अंशी बदलली.

उत्पन्नाचा खरा हिशेब

उदाहरणादाखल एक कोटी रुपये किमतीची, दरमहा २८,००० रुपये भाडे देणारी सदनिका घेऊ. मुंबईतील सुमारे सहा टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरता खरेदीचा खर्च १ कोटी ६ लक्ष ३० हजार रुपयांपर्यंत जातो. वर्षाचे भाडे ३,३६,००० रुपये दिसते. परंतु भाडेकरू बदलताना वर्षाकाठी सरासरी एक महिना जागा रिकामी राहिली, तर हाती ३,०८,००० रुपये येतात. त्यातून गृहनिर्माण संस्थेची वर्गणी ४८,०००, मालमत्ता कर १२,०००, रंगकाम व दुरुस्ती २०,००० आणि दलाली सरासरी १४,००० रुपये वजा केल्यास २,१४,००० रुपये शिल्लक राहतात. म्हणजे प्रत्यक्ष उत्पन्न गुंतवणुकीच्या अवघे दोन टक्के होय.

याच सदनिकेसाठी सत्तर लक्ष रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांकरिता काढले, तर मासिक हप्ता सुमारे ६०,७५० रुपये येतो. निव्वळ भाडे मात्र दरमहा १७,८०० रुपयांच्या आसपास राहते. उरलेले सुमारे ४३,००० रुपये दरमहा पगारातून अथवा निवृत्तिवेतनातून भरावे लागतील. 'भाड्यातूनच हप्ता फिटेल' हे विक्रेत्याचे सांगणे या आकड्यांपुढे टिकत नाही. या गुंतवणुकीचा लाभ मुख्यतः जागेची किंमत वाढण्यावर अवलंबून असतो, आणि ती वाढ निश्चित नसते. शिवाय, अडचणीच्या वेळी सदनिकेचा एक कोपरा तेवढा विकता येत नाही. म्हणून आजारपण, मुलांचे शिक्षण व सहा महिन्यांचा घरखर्च यांची तरतूद बाजूला ठेवून उरलेल्या रकमेचाच यासाठी विचार करावा.

खरेदीपूर्वी

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात जागा घ्यावयाची असल्यास २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराकडे त्या प्रकल्पाची नोंदणी आहे काय, हे प्रथम पाहावे. विक्रीचा करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. किंमत चटई क्षेत्रावर ठरवावी. जुनी सदनिका असल्यास पूर्वीचे सर्व नोंदणीकृत करार, भागप्रमाणपत्र, संस्थेची थकबाकी, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे किंवा नाही, यांची वकिलामार्फत छाननी करून घ्यावी. 'पागडी'ची खोली स्वस्त वाटली तरी तिच्यात मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो, हा भेद नीट ध्यानात ठेवावा.

भाडेकरूशी करार

सदनिका देताना 'लिव्ह अँड लायसन्स' करार केला जातो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीचा शिक्का त्यास पर्याय ठरत नाही. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर वाद उद्भवल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

उलटपक्षी, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा योग्य करार असेल तर कलम २४ चे संरक्षण मिळते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व जागा सोडीपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. वरील उदाहरणातील अकरा महिन्यांच्या करारावर, एक लक्ष रुपये अनामत धरूनही, मुद्रांक शुल्क एक हजार रुपयांच्या आत राहते. नोंदणी घरबसल्या संगणकाद्वारेही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी व गृहनिर्माण संस्थेसही कळवावे. संस्था आकारीत असलेले बिनभोगवटा शुल्क, २००१ च्या शासन आदेशानुसार, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये.

कर आणि सेवानियम

मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट आयकरात मिळते. कर्जावरील व्याजही वजा होते. तथापि, त्यामुळे तोटा दिसल्यास जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लक्ष रुपयांपर्यंतच तो इतर उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत तीही सवलत नाही.

शासकीय सेवेतील व्यक्तींनी आणखी एक पथ्य पाळावयाचे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये स्थावर मालमत्तेची खरेदी वा विक्री करण्यापूर्वी विहित प्राधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. ही मालमत्ता वार्षिक मत्ता विवरणपत्रातही दाखवावी लागते.

भाड्याची सदनिका ही संयम, नियमित देखभाल आणि चोख कागदपत्रे यांची अपेक्षा करणारी गुंतवणूक आहे. कर्जाचा भार माफक, करार नोंदलेला आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद केलेली असेल, तर ती कुटुंबाला दीर्घकाळ आधार देऊ शकते. हे जमण्यासारखे नसेल, तर मुदत ठेवीचे कमी भासणारे व्याजच अधिक सुखाचे ठरेल.