हात लावून बघायचं गाव

सावंतवाडीत थांबणारी माणसं बहुधा दुसरीकडेच निघालेली असतात. गोव्याला जाताना चहा घ्यायचा, आंबोली घाट उतरल्यावर मोती तलावाच्या काठावर फोटो काढायचा, चितार आळीतून लाकडी आंबा-केळ्यांची एक परडी उचलायची आणि पुढं. नवा महामार्ग झाराप-पत्रादेवी असा गावाला बगल देऊन गेल्यापासून तर चहालाही कुणी वळत नाही, अशी कुरकुर बाजारात ऐकू येते. पण पोराबाळांना घेऊन निघालेल्यांनी इथं दोन दिवस मुक्काम टाकावा. मुलांना वस्तू कशी बनते ते समोर बसून बघायला मिळेल, अशी गावं आता कितीशी राहिलीत?

इतिहास घाईत उरकतो. सावंत-भोसल्यांचं संस्थान, सुंदरवाडी हे जुनं नाव, तिसऱ्या खेमसावंतांचा राजवाडा, बापूसाहेब महाराजांच्या कारभाराला गांधीजींनी दिलेली रामराज्याची उपमा. बाकी सगळं राजवाड्यात तिकीट काढलं की कळतं. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस ‘सावंतवाडी रोड’ला आणून सोडते. हे स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. तिथून रिक्षाच करावी लागते. रात्री-अपरात्री उतरणार असाल आणि कडेवर लेकरू असेल, तर राहायचं जिथं ठरलंय त्यांनाच रिक्षा पाठवायला सांगून ठेवा.

चितार आळीत सकाळी जावं. संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असते आणि कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. दुकानांच्या तोंडाशी परड्या मांडलेल्या असतात. आंबा, फणस, वांगं, सीताफळ, मिरची, लसणाची गड्डी, सगळं लाकडाचं. पाट, चौरंग, पोळपाट, भोवरे, भातुकली, पांगुळगाडे आत. मी गेलो तेव्हा पाचेक वर्षांच्या एका पोरानं परडीतला पेरू उचलून थेट तोंडात घातला. आई ओरडली. दुकानाच्या पायरीवर बसलेले काका नुसते हसले. “चावशीत तर दात पडतले हां!” म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

काम मिरचीचं चाललं होतं. फळांना पांगाऱ्याचं लाकूड लागतं. तोच तो लाल फुलांचा, काटेरी पांगारा, कोकणात कुंपणाला लावतात तो. लाकूड हलकं आणि मऊ, पटाशीला लगेच वश होतं. मात्र ओलं वापरलं तर पुढं तडकतं, म्हणून नीट वाळवून घ्यावं लागतं. तुकडा कापायचा, तासायचा, कानस मारायची, काचपेपरनं घासायचं. मग चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून त्याचा हात द्यायचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजतात. तो थर वाळला की पुन्हा घासायचं. रंग यायला अजून बराच अवकाश असतो.

काकांच्या पुढ्यात दहा-बारा मिरच्या तारेवर टोचून वाळत ठेवल्या होत्या. नुसत्या हिरव्या. खरी मिरची एकसारखी हिरवी कधी नसते, देठापाशी फिकी असते आणि टोकाकडं कधी लाली धरते. ती लाली ते कापडाच्या बोळ्यानं देत होते, रंग जेमतेम बोळ्याला लागेल इतकाच घेऊन, टिपल्यासारखा. एक मिरची झाली की हात लांब धरून, डोळा बारीक करून बघायचे. त्यातली एक त्यांनी बाजूला टाकली. मला तिच्यात काही खोट दिसेना. विचारलं तर म्हणाले, “पिकली जास्त.”

तेवढ्यात पेरूवाल्या पोराच्या हातात त्यांनी काचपेपरचा तुकडा आणि एक ओबडधोबड लिंबू दिलं. पोरगं पायरीवर बसलं आणि घासत राहिलं. आईनं मोबाइल पुढं केला तरी त्यानं बघितलं नाही. “घाई केली तर रंग धरूचो नाय,” काका त्याला सांगत होते. हे शिबिर नव्हतं, त्याची फीही नव्हती. अशी संधी मागून मिळते, पण मागावी लागते. सगळेच दुकानदार कारागीर नसतात आणि सगळ्या कारागिरांना वेळ नसतो. तासभर बसलात तर निघताना काहीतरी विकत घ्या, एवढी रीत पाळावी.

खेळणी घेताना थोडं चौकस असावं. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, पण नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे लाकडी भोवऱ्यावर शिक्का शोधत बसण्यात अर्थ नाही, आपलीच नजर हवी. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून रंग उतरतो का बघावं. उग्र वास येत असेल तर ती वस्तू ठेवून द्यावी. कडा आणि कुसळं बोटानं चाचपावीत. तीन वर्षांखालचं मूल असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जाईल ते त्याच्या हाती देऊ नये. इथली लसूण, मिरची, लिंबू, भातुकलीतली वाटी, सगळं त्यातलंच. ती घ्या, पण फडताळात वर ठेवा. फळं मुळात शोभेची आहेत, मुलाला खेळायला द्यायची तर मोठा भोवरा किंवा पांगुळगाडा बरा. आणि हे इथंच बनलं का, असं सरळ विचारावं. बाहेरून आलेला मालही याच फळीवर असतो, आणि विचारलं तर दुकानदार बहुधा खरं सांगतात.

आळीचीही गंमत वाटते. खेळण्यांची म्हणून नावाजलेली गल्ली, आणि मुलाचा हात सोडायची सोय नाही. अरुंद रस्ता, त्यातून दुचाकी हॉर्न वाजवत जातात, पदपथ म्हणावा तर दुकानाची पायरी. सकाळचे दोन तास जरी वाहनं बंद ठेवली तरी चालेल. काही दुकानांच्या तोंडाशी आता प्लास्टिकच्या बंदुका लोंबतात आणि लाकूड आत सरकलंय. दुकानदाराला काय बोलणार? गिऱ्हाईक मागतं ते तो टांगतो.

तलावाच्या पलीकडं राजवाडा. इथं मुलांना दरबार हॉलपेक्षा गंजिफाच्या खोलीत न्यावं. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. ही कला विझत आली होती, तेव्हा राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चितारी कारागिरांना गाठून ती पुन्हा उभी केली. आजही वाड्यात कलाकार खाली मान घालून रंगवत बसलेले दिसतात.

दशावतारी गंजिफात १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. अक्षर न येणारं मूलही मासे मोजू शकतं. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यात एक्का मोठा, हे ऐकून मोठ्यांचीच फजिती होते, मुलं मात्र पटकन उचलतात. मला आवडतो तो सुरुवातीचा नियम. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं आधी खेळायचं, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेल्यानं. पूर्ण संच महाग पडतो, पण हातानं रंगवायला किती वेळ लागतो ते समोर बसून बघितल्यावर किंमत खटकत नाही. इथं रंगकाम चालू असतं, म्हणून धावाधाव आणि खाऊचे हात बाहेर ठेवावेत.

दुसरा दिवस गावाबाहेर. कुडाळजवळ पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं ठाकर आदिवासी कला आंगण केलंय. चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या तिथं बघायला मिळतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी कळवून गेलं तर खेळ बघता येतो, आणि बाहुलीची दोरी कुठल्या बोटाला बांधतात हेही कळतं. आमच्या शाळांच्या सहली इथं येत नाहीत, त्या वॉटरपार्कला जातात.

आंबोली तासाभरावर. पावसाळ्यात तिथं धबधब्यापेक्षा बेडूक बघावेत, असं माझं मत. मलबार ग्लायडिंग फ्रॉग म्हणजे हिरवागार झाडबेडूक. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर तो फेसाचं घरटं करतो. अंडी त्या फेसात, आणि पिल्लं बाहेर पडली की टपाटप खालच्या पाण्यात. हे बघायला रात्री जावं लागतं, आणि जायचं ते माहीतगार स्थानिक माणूस, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि प्रत्येकाच्या हाती टॉर्च असेल तरच. आंबोलीत सापही भरपूर आहेत आणि ते फांदीवरही असतात. म्हणून मुलांचे हात खिशात. धबधब्याशी शनिवार-रविवारी जाऊच नये. पायऱ्या शेवाळलेल्या, वरून दगड येण्याचा धोका, आणि रस्ता ओलांडताना घाटातून येणाऱ्या गाड्या धुक्यात दिसत नाहीत. आंबोलीतल्या कावळेसाद पॉइंटला कठड्याच्या अलीकडंच थांबावं, मूल खांद्यावर बसवून फोटो काढू नये. हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की माकडं अंगावर येतात. ज्या पोरांना घाट लागतो त्यांना निघण्याआधी भरपेट खाऊ घालू नका, वाटेत चघळायला आमसूल द्या.

समुद्र वेंगुर्ल्याला आहे, शिरोड्याला आहे. शिरोडा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. मिठागरांत उन्हानं खारं पाणी आटून मीठ कसं धरतं ते तिथं मुलांना दाखवता येतं, आणि वि. स. खांडेकर ज्या शाळेत शिकवत ती शाळाही इथलीच. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या रापणकराला, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा. ओहोटी कधी लागते आणि ओढ कुठं आहे हे त्याला ठाऊक असतं. तो नको म्हणाला तर वाळूतच किल्ला करा. पावसाळ्यात तर घोट्याच्या वर पाणी नको.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सगळ्यात मोठी शाळा देवळापुढं रात्री भरते. दशावताराचं नाटक उशिरा उभं राहतं, म्हणून मुलांना दुपारी झोपवून न्यावं आणि पांघरूण बरोबर ठेवावं. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर वेद पळवणारा काळाकुट्ट संकासुर येतो. लहानगी आधी बिचकतात, मग त्याच्या मालवणी कोपरखळ्यांना खिदळतात. राजवाड्यात गोल पत्त्यांवर बघितलेले अवतार इथं घामेजलेल्या अंगानं बोलतात. जत्रेत गर्दी दाट असते आणि मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते. मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. चुकामूक झालीच तर दीपमाळेपाशी उभं राहायचं, हे आल्या आल्या दीपमाळ दाखवूनच ठरवून टाका. खेळण्यांच्या पालांवर मग निर्धास्त फिरा. तिथंही प्लास्टिकच जास्त दिसेल, पण एखादी आजी लाकडी भोवरे घेऊन बसलेली असते.