जुनी काडी, नवा फुटवा

निफाडला आमच्या द्राक्षबागेत वर्षातून दोनदा कात्री चालायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटणीच्या दिवशी अण्णा मजुरांच्या आधी बागेत जायचे आणि एकेक काडी हातात घेऊन बघायचे. काडी पिकली आहे का, डोळा फुगीर आहे का, माल कुठून निघेल. कात्री त्यानंतर.

इंग्लंडमध्ये सरेला घर घेतल्यावर मागच्या अंगणात लावायला मी पहिली वेल आणली ती क्लेमॅटिस. रोपाच्या चिठ्ठीवर गुलाबी फुलांनी लगडलेल्या भिंतीचा फोटो होता, तेवढ्यावर मी ती घेतली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या बाईंनी त्यांची क्लेमॅटिस जमिनीपासून फूटभर ठेवून सगळी कापली. म्हणून मीही माझी कापली. मे महिन्यात त्यांची वेल जोमाने वर चढत होती, जुलैत ती जांभळी झाली. माझ्या वेलीला हिरवीगार पानं आली, फूल मात्र एकही नाही. अण्णांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, ती फुलते कुठल्या काडीवर ते पाहिलंस का आधी?"

माझी वेल होती क्लेमॅटिस मोंटाना. ती मागच्या वर्षीच्या काडीवर फुलते. शेजारची होती जॅकमनी, ती त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलते. फेब्रुवारीत मी माझ्या वेलीची सगळी फुलं कळ्या व्हायच्या आधीच कापून टाकली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. त्यानंतर मी पुष्कळ क्लेमॅटिस लावल्या, काही गमावल्या, पण कुठलंही रोप विकत घेताना अण्णांचा तो प्रश्न आधी विचारते. रंग, आकार, किंमत त्यानंतर. क्लेमॅटिस हे नावच मुळी ग्रीक 'क्लेमा' या शब्दावरून आलं आहे आणि 'क्लेमा' म्हणजे वेलीची, विशेषतः द्राक्षवेलीची, काडी. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, पण वाचल्या दिवशी ते अण्णांना लगेच कळवलं.

या प्रजातीत सुमारे तीनशे जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत त्या पसरल्या आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्याकडची मोरवेल आणि रानजाई याही क्लेमॅटिसच. त्यांच्याकडे पुढे येतेच. आपण जिला फुलाची पाकळी म्हणतो ती या फुलात पाकळी नसतेच, ते रंगीत निदल असतात. म्हणूनच पुष्कळ क्लेमॅटिसची फुलं आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतात. चढण्याची तऱ्हाही वेगळी. द्राक्षाला तणावे असतात, ते आधार धरतात. क्लेमॅटिसला तणावे नाहीत. तिच्या पानाचा देठच आधाराला वेढा घालतो. देठ लांबीला आखूड, त्यामुळे पेन्सिलीपेक्षा जाड काठी त्याला धरता येत नाही. लोक जाड बांबू रोवतात आणि वेल खाली का लोळते म्हणून चिंता करतात. भिंतीवर एकेका फुटावर आडवी तार ओढा, किंवा बारीक जाळी लावा, ती आपसूक चढेल.

इंग्लंडची स्वतःची म्हणावी अशी एकच क्लेमॅटिस, विटाल्बा. गिल्डफर्डजवळच्या खडूच्या टेकड्यांवरून नोव्हेंबर-डिसेंबरात गाडीने जाताना कुंपणांवर पांढरट केसाळ गुंतवळ लटकलेलं दिसतं, ते तिच्या बियांचं. १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात तिला 'वाटसरूंचा आनंद' असं नाव दिलं. वाटेच्या कडेने ती कुंपणं सजवते म्हणून. फ्रान्समध्ये हिचंच नाव 'भिकाऱ्यांची वनस्पती'. तिचा रस कातडीला लागला की फोड येतात, आणि दया यावी म्हणून भिकारी तो मुद्दाम अंगाला चोळत. छाटणी करताना हातमोजे घालावेत ते याचसाठी. हे जवळपास सगळ्याच क्लेमॅटिसना लागू आहे. न्यूझीलंडमध्ये नेलेली हीच विटाल्बा तिथल्या मूळ जंगलाचा गळा आवळते आहे. वेल कुठली, कुठे लावली, यावर किती अवलंबून असतं त्याचं मला याहून ठळक उदाहरण माहीत नाही.

बागेतल्या क्लेमॅटिसची कहाणी मात्र पूर्वेकडून सुरू होते. मोंटाना ही हिमालयातली. १८३१ साली ती इंग्लंडात पोचली. तिचं श्रेय देतात ते लेडी सारा अ‍ॅम्हर्स्ट यांना, म्हणजे १८२३ ते १८२८ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेल्या अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नीला. कुमाऊँच्या वाटांवर एप्रिल-मे महिन्यात ओकच्या झाडावरून पांढरा पडदा सोडावा तशी ती फुललेली दिसते. गुलाबी मोंटाना चीनमधून अर्नेस्ट विल्सनने १९०० साली पाठवली. माझ्या चिठ्ठीवरचा फोटो तिच्याच वंशातला. जपानने दिली पेटन्स. तिकडे तिला काझागुरुमा म्हणतात, म्हणजे वाऱ्यावर फिरणारं भिरभिरं, आणि किमोनोवरच्या नक्षीतही ही फुलं दिसतात. चीनमधून १८५० मध्ये लॅन्यूजिनोसा आणली रॉबर्ट फॉर्च्यूनने. आपल्याकडे त्याचं नाव चहाशी जोडलेलं आहे: कंपनी सरकारसाठी चीनचा चहा आणि तो करणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याला आणणारा हाच. त्याच्या त्या फेऱ्यांमध्ये चहाबरोबर एक वेलही प्रवासाला निघाली, तिचं फूल हाताच्या तळव्याएवढं.

वोकिंग माझ्या घरापासून जवळ आहे. तिथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली या लॅन्यूजिनोसाचा युरोपातल्या विटिसेलाशी संकर केला गेला आणि १८६२ मध्ये रोपं फुलली. गडद जांभळी, मखमली, मोठ्या फुलांची ती वेल म्हणजे जॅकमनी. त्याआधी बहुतेकांसाठी क्लेमॅटिस म्हणजे लहान, लोंबत्या फुलांची वेल असं समीकरण होतं. जॅकमनीने ते मोडलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शेकडो नवे वाण निघाले. फ्रान्समध्ये ल्योंच्या फ्रान्सिस्क मोरेलने काढलेली फिकट निळी 'पेर्ल दाझ्यूर' मला सगळ्यांत प्रिय. केंटमधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत विटांच्या अर्धवर्तुळाकार भिंतीवर जुलैत ती उभी असते, तेव्हा भिंतीऐवजी आकाशाचा तुकडा उभा केल्यासारखा वाटतो.

मग आली मर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मोठ्या फुलांच्या वेली ऐन कळीवर असताना एका-दोन दिवसांत सुकू लागल्या. खोडातून बुरशी शिरते, रसाची वाट बंद होते, वरचं सगळं काळं पडतं. रोपवाटिका हवालदिल झाल्या, लोकांनी क्लेमॅटिस लावणंच सोडलं. बुरशीचा शोध बऱ्याच वर्षांनी लागला. त्या काळी मोठ्या फुलांच्या वेली विटाल्बाच्या मुळांवर कलम करून विकत असत. नाशिककडे आपण थॉमसन जातीचं द्राक्ष डॉगरिज नावाच्या खुंटावर चढवतो ते पाण्याच्या ताणात बाग तगावी म्हणून, आणि ते तिथे बरोबरच आहे. क्लेमॅटिसचं उलटं झालं. आज ती फाट्यांवरून, स्वतःच्याच मुळांवर वाढवतात; कारण वरचं मेलं तरी स्वतःच्या मुळातून, जमिनीखालच्या डोळ्यातून ती पुन्हा फुटू शकते.

लागवडीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट याच डोळ्यात आहे. झाड लावताना आपण बुंधा मातीत गाडू नये असं शिकतो. मोठ्या फुलांची क्लेमॅटिस मात्र कुंडीतल्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच खोल लावायची, म्हणजे खोडावरचे एक-दोन डोळे मातीखाली सुरक्षित राहतात. माझी 'द प्रेसिडेंट' लावल्यापासून तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मर लागून काळी पडली. मी ती जमिनीलगत कापली, काड्या जाळल्या, पाणी देत राहिले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मातीतून तीन लाल कोंब वर आले. ते कोंब बघताना मला निफाडची गारपीट आणि त्यानंतरची नवी फूट आठवली.

भिंतीच्या अगदी मुळाशी वेल लावू नका. तिथे पाऊस पोचत नाही, पाया ओलावा शोषून घेतो. दीड फूट लांब लावा आणि काठीच्या आधाराने भिंतीकडे झुकवा. खड्डा गुडघाभर, त्यात भरपूर कुजलेलं शेणखत. वोकिंगकडची माती रेताड, पाणी धरत नाही, म्हणून मी दरवर्षी हिवाळ्यात खताचा थर वरून देते, खोडाला न चिकटवता. इथले माळी 'पाय सावलीत, डोकं उन्हात' असं म्हणतात आणि मुळांवर फरशी ठेवायला सांगतात. माझा अनुभव असा की सावलीपेक्षा ओलावा महत्त्वाचा. फरशीखाली गोगलगायी मात्र सुखाने राहतात आणि कोवळे कोंब एका रात्रीत फस्त करतात. फरशीऐवजी मी बुटकं जिरॅनियम लावते.

आता निवड. जी जुन्या काडीवर फुलते ती वसंतात फुलते. मोंटाना, अल्पिना, सदाहरित आर्मांडी या त्यातल्या. यांना फुलं झाल्यावर, हवी असेल तरच, कात्री लावायची. मोंटाना तीस फुटांपर्यंत जाते. लहान अंगणात तिला बोलावू नका, ती गच्चीवरची पन्हळ उचकटून टाकेल. उत्तरेच्या गार भिंतीला अल्पिना चांगली, एप्रिलमध्ये निळे घंटाकार झुबके येतात. आर्मांडीला थंड वारा सोसत नाही, पण मार्चमध्ये तिचा वास दारातून आत येतो तेव्हा तिचे लाड करावेसे वाटतात.

मधल्या गटातल्या मोठ्या फुलांच्या वेली आधी जुन्या काडीवर आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी नव्या फुटव्यावर, अशा दोनदा फुलतात. 'नेली मोझर' ही १८९७ सालची फिकट गुलाबी, मधोमध गडद पट्ट्याची. तिला कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो. पूर्वेची भिंत तिला मानवते. यांची छाटणी हलकी: फेब्रुवारी संपता संपता वाळलेलं काढायचं, बाकीच्या काडीच्या पहिल्या जोमदार डोळ्याच्या वर कापायचं. हे सांगायला सोपं, हाताला बसायला दोन-तीन हिवाळे लागतात. मरही याच गटाला जास्त छळते. नवख्या माणसाला मी हा गट सुचवत नाही.

नवख्या माणसाने विटिसेला घ्यावी. नव्या फुटव्यावर फुलणारी, जुलै ते सप्टेंबर भरभरून देणारी, मर क्वचितच लागणारी. फेब्रुवारीत जमिनीपासून फूटभर ठेवून सगळी कापायची, चुकायला जागाच नाही. 'एत्वाल व्हियोलेत', 'मादाम ज्युलिया कोरेव्हाँ', आणि पोलंडच्या ब्रदर स्टेफान फ्रांचाक यांची 'पोलिश स्पिरिट'. हे जेझुइट धर्मबंधू वॉर्सात मठाची बाग सांभाळत आणि कम्युनिस्ट राजवटीच्या काळात तिथे एकामागून एक नवे वाण तयार करत होते. आज युरोपभरच्या रोपवाटिकांत त्यांच्या वेली सापडतात. विटिसेला गुलाबावर चढवावी: दोघांची छाटणी एकाच सुमारास होते, आणि गुलाबाचा पहिला बहर ओसरला की तिचा सुरू होतो. मोंटाना गुलाबावर चढवली तर कात्री कुठे लावायची हाच प्रश्न पडतो.

कोणतीही वेल असो, पहिल्या वर्षी फेब्रुवारीत ती फूटभर ठेवून कापा. एक वर्षाची फुलं जातात, पण खाली चार-पाच काड्या फुटतात. एकाच काडीवर सगळा मांडव उभा करू नये हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रातून मला लोक विचारतात, आमच्याकडे येईल का? माझ्या दादाने हौसेने नाशिकला जॅकमनी कुंडीत लावून पाहिली. पहिल्या थंडीनंतर सहा फुलं आली, दोन एप्रिल काढून तिसऱ्या एप्रिलला ती गेली. तिला हिवाळ्यात पूर्ण झोप लागते आणि मुळाशी गारवा लागतो. पठारावरच्या हवेत ते तिला देता येत नाही. फोटो पाहून महागडं रोप मागवण्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात महाबळेश्वरला किंवा कासला जा. झुडपांवरून पांढऱ्या चांदण्या उधळलेल्या दिसतील, मध्ये पुंकेसरांचा झुबका. ती रानजाई, मोरवेल. क्लेमॅटिसच आहे ती, सह्याद्रीची. आमच्याकडचे वैद्य तिचं मूळ मूर्वा म्हणून वापरतात, पण बागेत तिला कोणी जागा दिलेली मी पाहिली नाही. फुलं सरल्यावर बियांना येणाऱ्या रेशमी पिसांवर सकाळचं ऊन पडतं तेव्हा ती विटाल्बासारखीच दिसते. ज्यांचं घर वाई-पाचगणीच्या बाजूला आहे त्यांनी रानातून वेल न उपटता मूठभर बिया आणाव्यात आणि कुंपणाशी पेराव्यात. मला मनापासून वाटतं, आपल्या वेलींवर तिकडे कोणी जॅकमनसारखी नेटाने दहा वर्षं घातली तर काय निघेल हे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दादाचा फोन आला. फळछाटणी चालू होती, मागून मजुरांच्या कात्र्यांचा आवाज येत होता. इथे माती अजून ऊबदार होती, म्हणून मीही सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा काढत होते. "काय लावतेस?" त्याने विचारलं. विटिसेला, म्हटलं. "नव्या फुटव्यावरची?" हो. "मग फेब्रुवारीत निर्धास्त काप," तो म्हणाला, आणि कोणीतरी त्याला हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला. मी रोप तीन इंच खोल बसवलं, माती दाबली आणि दोन बादल्या पाणी घातलं.